गरोदरपणातली धाप आणि आकसलेली फुफ्फुसे: ल्युपसच्या एका रुग्णाचे प्रकरण

गरोदरपणात धाप लागते यात नवे काही नाही. निम्म्याहून अधिक जणींना नऊ महिन्यांत केव्हातरी ती जाणवते आणि बहुतेकींच्या बाबतीत काळजीचे कारण नसते. त्यामुळेच एखादीची धाप खरोखर आजाराची असली, की ती ओळखायला उशीर होतो. अंगात ल्युपससारखा स्वयंप्रतिकार आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, असेल तर हा उशीर जिवावर बेतू शकतो. पुढचे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेले आहे. यातली रुग्ण कोणी एक व्यक्ती नाही, पण आजाराची चाल, तपासण्यांचे अर्थ आणि उपचार ठरवताना पडणारे पेच प्रत्यक्षात असतात तसेच ठेवले आहेत.

रुग्ण २९ वर्षांची, पहिलटकरीण. ल्युपसचे निदान ६ वर्षांपूर्वीचे: सांधेदुखी, गालांवर चट्टे, तोंडात फोड, आणि ३ वर्षांपूर्वी एकदा फुफ्फुसावरणाला सूज. मूत्रपिंडे सुदैवाने सुटलेली. गर्भाच्या हृदयाला बाधू शकणारे अँटी-रो प्रतिपिंड पॉझिटिव्ह, रक्त गोठण्याचा धोका वाढवणाऱ्या अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांच्या तिन्ही तपासण्या दोन वेळा निगेटिव्ह. गर्भधारणा ठरवून झालेली होती. त्याआधी आजार वर्षभर शांत होता, ल्युपसवरचे नेहमीचे औषध हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन एक दिवसही चुकलेले नव्हते आणि १२व्या आठवड्यापासून रोज १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुरू होते. थोडक्यात, पूर्वतयारीत खोट काढण्यासारखे काही नव्हते.

तिच्या फाइलमध्ये आणखी एक कागद होता, आणि पुढे तोच सर्वांत मोलाचा ठरला. फुफ्फुसावरणाला सूज आली होती त्या वेळी, बरे वाटल्यानंतर केलेल्या स्पायरोमेट्रीचा, म्हणजे नळीत फुंकून श्वासाची हवा मोजण्याच्या चाचणीचा, तो अहवाल. एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास भरून घेऊन जोराने सोडलेली एकूण हवा, २.७ लिटर, तिच्या वय-उंचीला अपेक्षित आकड्याच्या ८७ टक्के.

विसाव्या आठवड्याच्या सुमारास जिना चढताना दम लागू लागला. २२व्या आठवड्याच्या तपासणीत तिने ते सांगितले. ऑक्सिजन ९८ टक्के, छाती स्वच्छ, हिमोग्लोबिन १०.६. "गर्भ वाढतोय, पडदा वर सरकतो, रक्तही थोडे कमी आहे," असे सांगून लोहाच्या गोळ्या वाढवल्या गेल्या. यातले एकही वाक्य खोटे नव्हते. २४व्या आठवड्यात उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या भागात, खोल श्वास घेतला की कळ येऊ लागली. २५व्या आठवड्यात सपाट झोपणे बंद झाले. पाठीशी उशा रचून ती बसल्या बसल्या डुलक्या घेई. २६व्या आठवड्यात ती दाखल झाली तेव्हा एक वाक्य पुरे करायला मध्ये दोनदा थांबत होती.

ताप नाही, खोकला नाही, थुंकीतून रक्त नाही, पायांना सूज नाही. नाडी १०४, रक्तदाब ११८/७४, श्वासाचा वेग मिनिटाला ३०, बसलेल्या स्थितीत ऑक्सिजन ९७ टक्के. श्वास उथळ आणि भराभर. मानेचे स्नायू प्रत्येक श्वासाला ताणले जात होते. फुफ्फुसांच्या तळाशी श्वासाचा आवाज मंद, बाकी ठिकाणी निर्मळ. तपासणाऱ्या निवासी डॉक्टरने तिला एकच काम सांगितले: जमेल तेवढा श्वास भरून घ्या आणि पुन्हा श्वास न घेता एक, दोन, तीन असे मोठ्याने मोजत जा. ती १७वर अडकली. निरोगी प्रौढ माणूस ५०च्या आसपास सहज जातो. या चाचणीला उपकरण लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि ऑक्सिमीटरचा आकडा चांगला दिसत असताना छातीत हवा किती कमी मावते आहे हे ती अर्ध्या मिनिटात दाखवते. ल्युपस असलेल्या प्रत्येक गरोदर बाईच्या बाबतीत ती दर भेटीला करावी, असे माझे ठाम मत आहे.

आता कारणांचा शोध. अशा वेळी सर्वांत संभाव्य कारणापासून सुरुवात करायची नसते. जे सर्वांत लवकर जीव घेऊ शकते ते आधी तपासायचे असते.

पहिला संशय फुफ्फुसातल्या रक्ताच्या गुठळीचा. गरोदरपण आणि ल्युपस दोन्ही रक्त गोठण्याकडे झुकवतात, आणि अँटीफॉस्फोलिपिड निगेटिव्ह असले तरी धोका शून्य होत नाही. डी-डायमर हा गुठळी विरघळताना रक्तात वाढणारा घटक गरोदरपणात तसाही वाढतो, म्हणून तो एकटा वाचण्यात अर्थ नसतो. गरोदर स्त्रियांसाठी जुळवून घेतलेल्या इयर्स पद्धतीत तीन प्रश्न विचारतात: पायात गुठळीची लक्षणे आहेत का, थुंकीत रक्त आहे का, आणि गुठळी हेच सर्वांत संभाव्य निदान वाटते का. तिन्हींना नाही म्हणता आले तर डी-डायमरची मर्यादा १००० नॅनोग्रॅम, एकालाही हो असेल तर ५००. तिच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाला नाही म्हणण्याचे धाडस कोणी केले नसते. डी-डायमर ११८० आला. सीटी अँजिओग्राफी करायचे ठरले.

घरच्यांना किरणांची भीती वाटली, आणि ती समजण्यासारखी आहे. पण छातीच्या सीटीत गर्भापर्यंत पोचणारी मात्रा साधारणतः १ मिलिग्रेच्या आतच असते. ५० मिलिग्रेच्या खाली गर्भाला इजा झाल्याचा पुरावा नाही. झळ बसते ती आईच्या स्तनांना, आणि तो मुद्दा तिच्याशी मोकळेपणाने बोलला गेला. फुफ्फुसाच्या रक्तप्रवाहाचा स्कॅन हाही पर्याय होता. पण त्यातून फक्त गुठळी कळली असती. इथे फुफ्फुसाचा पोतही पाहायचा होता, म्हणून सीटी.

सीटीत गुठळी नव्हती. धुरकट डाग नव्हते, जाळीदार व्रण नव्हते, पाणी नव्हते. दोन्ही बाजूंना श्वासपटलाचे, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याचे, घुमट बरेच वर चढलेले आणि तळाशी दबलेल्या फुफ्फुसाच्या दोन-चार आडव्या रेघा. अहवालात शेवटी लिहिले होते: "गरोदरपणाशी सुसंगत." इथे हे प्रकरण दुसऱ्यांदा मिटू शकले असते.

इको तपासणीत हृदयाचे आकुंचन उत्तम, फुफ्फुसधमनीतला अंदाजे दाब २६ मिलिमीटर. हा निकाल मोठा दिलासा होता. ल्युपसमध्ये फुफ्फुसधमनीचा दाब वाढलेला असेल तर गरोदरपण आईसाठी इतके घातक ठरते, की तो आजार माहीत असल्यास गर्भधारणा टाळायचाच सल्ला दिला जातो. हृदयावरचा ताण दाखवणारे बीएनपी सामान्य होते, त्यामुळे प्रसूतीच्या आसपास उद्भवणारा हृदयस्नायूचा आजारही बाजूला पडला.

मग फुफ्फुसातला रक्तस्राव. हवेच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये रक्त पाझरणे ही ल्युपसची दुर्मीळ पण भीषण गुंतागुंत आहे. यात थुंकीतून रक्त यायलाच हवे असे नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत सुरुवातीला ते दिसतच नाही. खूण असते ती अचानक घसरणाऱ्या हिमोग्लोबिनची आणि एक्स-रेवर पसरणाऱ्या डागांची. तिचे हिमोग्लोबिन १०.४वर स्थिर होते आणि सीटीतली फुफ्फुसे स्वच्छ होती, त्यामुळे दुर्बिणीने तपासण्याची वेळ आली नाही. ल्युपसचा तीव्र न्यूमोनायटिस, म्हणजे फुफ्फुसाचा दाह, असता तर ताप, खोकला आणि डाग दिसले असते. संसर्गाच्या तपासण्याही कोऱ्या आल्या.

ल्युपस कितपत जागा झाला आहे हे पाहताना एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष दिले गेले. सी-३ हा पूरक प्रथिनाचा आकडा ८२ होता, प्रयोगशाळेच्या दृष्टीने सामान्य. पण गरोदरपणात यकृत ही प्रथिने जास्त बनवते आणि आकडा वाढायला हवा. तिचा गर्भधारणेपूर्वीचा सी-३ १०५ होता. म्हणजे वर चढण्याऐवजी तो खाली आला होता. डीएनएविरोधी प्रतिपिंडही वाढले होते. लघवीत प्रथिने नव्हती. ईएसआर हा सूज दाखवणारा आकडा गरोदरपणात एरवीही वाढतो, तो कुणी विचारातही घेतला नाही.

धमनीतल्या रक्ताची वायू तपासणी झाली: पीएच ७.४२, कार्बन डायऑक्साइड ३७, ऑक्सिजन ८६, बायकार्बोनेट २३. गरोदर नसलेल्या माणसाचा हा अहवाल असता तर कोणी दुसऱ्यांदा पाहिला नसता. पण प्रोजेस्टेरॉनमुळे गरोदर बाई मुळातच जास्त श्वास घेते. एका मिनिटात आत-बाहेर होणारी हवा निम्म्यापर्यंत वाढते, कार्बन डायऑक्साइड २८ ते ३२वर येतो आणि मूत्रपिंडे बायकार्बोनेट १८ ते २१पर्यंत उतरवून तोल साधतात. मिनिटाला ३० श्वास घेणाऱ्या, दम लागलेल्या गरोदर बाईचा कार्बन डायऑक्साइड ३७ असणे याचा अर्थ ती धडपडते आहे, पण हवा पुरेशी आत जात नाही. छापील सामान्य मर्यादेत बसणारा हा आकडा तिच्यासाठी धोक्याचा होता.

स्पायरोमेट्री झाली आणि प्रकरणाची दिशा ठरली. एफव्हीसी १.४ लिटर, अपेक्षितच्या ४५ टक्के. पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचे प्रमाण ८६ टक्के, म्हणजे नळ्यांत अडथळा नाही. फुफ्फुसांची एकूण क्षमता ५४ टक्के. वायू शोषण्याची क्षमता ५० टक्के, पण जेवढे फुफ्फुस फुगते आहे त्या प्रमाणात पाहिली तर १०४ टक्के. शेवटचे दोन आकडे एकत्र वाचायचे. फुफ्फुसाचा पोत खराब असता तर दुसरा आकडाही पडला असता. इथे जेवढे फुफ्फुस उघडते आहे तेवढे चोख काम करते आहे. मुळात उघडतेच कमी.

हे सारे प्रकरण ज्या गोष्टीवर उभे आहे ती आता सांगतो, कारण ती विसरली जाते. गर्भ वाढतो तसे श्वासपटल सुमारे ४ सेंटिमीटर वर सरकते, हे खरे. पण त्याच काळात बरगड्या बाहेर पसरतात, छातीचा खालचा घेर ५ ते ७ सेंटिमीटरने वाढतो, आणि बरगड्यांखालचा कोन साधारण ६८ अंशांवरून १०३ अंशांपर्यंत उघडतो. श्वासपटल वर बसलेले असले तरी त्याची हालचाल कमी होत नाही. सहज श्वास सोडल्यावर छातीत उरणारी हवा पंचमांशाने घटते, एकूण क्षमता किंचित उतरते, पण एफव्हीसी तसाच राहतो. कधी थोडा वाढतोही. गरोदरपणामुळे एफव्हीसी घटत नाही. गरोदर बाईचा एफव्हीसी २.७ लिटरवरून १.४वर आला असेल, तर त्याचा दोष वाढत्या गर्भाशयावर ढकलता येत नाही. २२व्या आठवड्यातच नळीत फुंकायला लावले असते तर निदान महिनाभर आधी झाले असते.

आता उरला प्रश्न, छाती उघडत का नाही? श्वास घेण्याच्या स्नायूंचा जोर मोजला: आत ओढण्याचा दाब ३२ सेंटिमीटर पाण्याइतका, म्हणजे अपेक्षितच्या निम्म्याहून कमी. बाहेर सोडण्याचा दाब जवळपास सामान्य. गरोदरपणात हे दोन्ही दाब टिकून राहतात, म्हणून हाही आकडा खराच मानायचा. अल्ट्रासाउंडने श्वासपटल पाहिले. खोल श्वासाला ते दोन्हीकडे जेमतेम दीड सेंटिमीटर सरकत होते आणि आकुंचन पावताना पुरेसे जाड होत नव्हते. ही तपासणी खाटेजवळ होते, किरण लागत नाहीत. गरोदर बाईला क्ष-किरणांच्या पडद्याखाली नाकाने जोरात श्वास ओढायला लावण्यापेक्षा कितीतरी बरी. सपाट झोपवून एफव्हीसी मोजण्याचा मोह टाळला, कारण या महिन्यांत उताणे झोपवले की गर्भाशय मोठ्या शिरेवर दाब देते. डाव्या कुशीकडे कलते ठेवून मोजला तेव्हा तो आणखी घसरला.

स्नायू कमजोर करणारे इतर आजार वगळणे भाग होते. स्नायूंची इजा दाखवणारे सीके सामान्य, स्नायूदाहाचे अँटी-जो-१ प्रतिपिंड निगेटिव्ह, स्नायू लवकर थकवणाऱ्या मायस्थेनियाचे प्रतिपिंड निगेटिव्ह, पापण्या किंवा गिळण्याची तक्रार नाही, थायरॉइड, पोटॅशियम, फॉस्फरस ठीक. श्वासपटलाच्या मज्जातंतूतून संदेश वेळेवर पोचत होता. सारे वगळून जे उरले ते श्रिंकिंग लंग सिंड्रोम, म्हणजे आकसत्या फुफ्फुसांचा आजार.

१९६५ साली हॉफब्रँड आणि बेक यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ल्युपसच्या अशा रुग्णांचे वर्णन केले, ज्यांना धाप होती, फुफ्फुसे छायाचित्रांत लहान होत गेलेली दिसत होती आणि त्याला पटेल असे कारण सापडत नव्हते. ल्युपसच्या साधारण शंभरातल्या एखाद्या रुग्णात हे दिसते. कारणावर वाद आजही मिटलेला नाही. १९७७च्या एका अभ्यासात श्वासपटल दुबळे आढळले. पुढे १९८९मध्ये मज्जातंतूला थेट उत्तेजन देऊन पाहिले, तेव्हा श्वासपटलाची ताकद बऱ्यापैकी शाबूत निघाली. त्यातून दुसरे स्पष्टीकरण पुढे आले. फुफ्फुसावरणाची सूज दुखते, दुखते म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, महिनोन्महिने न फुगलेले फुफ्फुस ताठर होते, आणि ताठर फुफ्फुस फुगवणे आणखी जड जाते. ही चढती साखळी आहे. मला हे दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते, कारण या रुग्णांपैकी बहुतेकांना श्वासाबरोबरची कळ असते आणि ती कळ शमली की आकडे सुधारू लागतात. तिची उजवीकडची कळ म्हणूनच बाजूची तक्रार नव्हती.

उपचार सुरू करताना दोन जीव डोळ्यांसमोर ठेवायचे होते. या आजारावर मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. जे माहीत आहे ते थोड्या थोड्या रुग्णांच्या अनुभवातून आलेले. त्यात गरोदर रुग्ण तर फारच विरळ.

प्रेडनिसोलोन रोज ४० मिलिग्रॅमने सुरुवात केली. स्टेरॉइडचे नाव ऐकून ती धास्तावली. "बाळाला काही होणार नाही ना?" हा तिचा पहिला आणि बराच वेळ एकच प्रश्न होता. वारेत एक विकर (एन्झाइम) असते, ते प्रेडनिसोलोन निष्क्रिय करते आणि गर्भापर्यंत सुमारे दहावा हिस्सा पोचतो, हे तिला समजावून सांगितल्यावर ती गोळी घेऊ लागली. याच कारणाने गर्भाची फुफ्फुसे लवकर पक्व करायची असतील तर प्रेडनिसोलोन उपयोगाचे नसते. तिथे वार ओलांडणारे बीटामेथासोन लागते. स्टेरॉइड लवकर कमी करता यावे म्हणून सोबत प्रतिकारशक्ती दाबणारे ॲझाथायोप्रिन दिले, ते शरीराला झेपेल का हे सांगणाऱ्या टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ या जनुकांची तपासणी करून, किलोमागे २ मिलिग्रॅमच्या आत. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन अर्थातच चालू राहिले. त्याच कामाची मायकोफेनोलेट आणि मेथोट्रेक्सेट ही औषधे गर्भासाठी घातक असल्याने त्यांचा विषयच नव्हता. वेदनेवर पॅरासिटामॉल. एरवी अशा कळीवर आयब्युप्रोफेनसारखी औषधे चांगली लागू पडतात, पण २०व्या आठवड्यानंतर ती गर्भाच्या मूत्रपिंडांना आणि गर्भजलाला बाधतात, आणि शेवटच्या तिमाहीत हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद करू शकतात. थिओफायलिन कमी मात्रेत सुरू केले, रक्तातली पातळी ५ ते १२ मायक्रोग्रॅममध्ये ठेवून. श्वासपटलाचा जोर वाढवण्यासाठी ते दिले जाते. सॅल्ब्युटामॉलही ओढायला दिले.

दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर रिटुक्सिमॅबचा विचार करायचा, असे संधिवाततज्ज्ञ, छातीरोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ यांनी मिळून आधीच ठरवले होते. गरोदरपणाच्या उत्तरार्धात दिलेले हे औषध बाळाच्या बी-पेशी, म्हणजे प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी, काही महिने घटवते आणि बाळाच्या लसींचे वेळापत्रक त्यानुसार बदलावे लागते. पण आई श्वासासाठी झगडत असेल तर ती किंमत मोजण्याजोगी आहे.

रात्री ऑक्सिजन ९० टक्क्यांपर्यंत उतरतो असे पहिल्याच रात्री दिसले. गर्भासाठी आईचा ऑक्सिजन ९५च्या वर राहावा, म्हणून रात्री मास्कने दाब देणारे बायपॅप लावले. पहिले दोन दिवस मास्क नकोसा झाला. तिसऱ्या दिवशी ती चार तास सलग झोपली आणि सकाळी परिचारिकेला म्हणाली, "ताई, काल डोकं दुखलं नाही." सकाळची डोकेदुखी तिने तोवर कुणाला सांगितलीच नव्हती, साचलेल्या कार्बन डायऑक्साइडचीच ती खूण होती. खाटेवर पडून राहण्याच्या काळात गुठळी होऊ नये म्हणून कमी मात्रेचे हेपॅरिन दिले.

पाचव्या दिवसापासून कळ कमी झाली. २८व्या आठवड्यात एफव्हीसी १.६ लिटर, ३०व्यात १.९. गर्भाशय दर आठवड्याला वाढत असताना आईच्या छातीत मावणारी हवा वाढत होती. २२व्या आठवड्यातल्या त्या स्पष्टीकरणाला याहून चांगले उत्तर नव्हते. वायू तपासणीत कार्बन डायऑक्साइड ३२वर आला आणि बायपॅप थांबवले. प्रेडनिसोलोन हळूहळू उतरवत ३४व्या आठवड्यात १५ मिलिग्रॅमवर आणले. साखर या काळात वाढली, आहाराने आटोक्यात राहिली.

बाळावर लक्ष होतेच. अँटी-रो प्रतिपिंड वार ओलांडून गर्भाच्या हृदयातल्या विद्युतमार्गावर हल्ला करू शकतात. पहिल्या गरोदरपणात असा हृदयरोध होण्याची शक्यता सुमारे २ टक्के. १६ ते २६ आठवडे गर्भाच्या हृदयाची तपासणी वेळोवेळी झाली आणि ठोके नियमित राहिले. वाढ मंदावते का हे दर तीन-चार आठवड्यांनी पाहिले जात होते.

३१व्या आठवड्यात रक्तदाब १४६/९२ झाला आणि सगळ्यांच्या पोटात गोळा आला. ल्युपसचा मूत्रपिंडांवर हल्ला, प्रीएक्लॅम्प्सिया हा गरोदरपणातला रक्तदाबाचा धोकादायक आजार, की स्टेरॉइडचा परिणाम? लघवीत ना प्रथिने ना लाल पेशी. प्लेटलेट आणि यकृताचे आकडे ठीक. सी-३ तोवर वर येऊ लागला होता. एसफ्लिट-१ आणि पीएलजीएफ या वारेतून रक्तात येणाऱ्या प्रथिनांचे गुणोत्तर ३८च्या खाली आले, म्हणजे निदान पुढचा आठवडा तरी प्रीएक्लॅम्प्सियाची शक्यता फार कमी. निफेडिपिनने दाब आवरला. पण या निमित्ताने एक फार महत्त्वाची गोष्ट फाइलच्या दर्शनी लाल अक्षरांत लिहिली गेली. प्रीएक्लॅम्प्सियात झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम देतात, आणि ते डोळे मिटून द्यावे इतके रुळलेले औषध आहे. मॅग्नेशियम स्नायूंचा जोर कमी करते. श्वासाचे स्नायू आधीच निम्म्या ताकदीचे असलेल्या बाईला ते रात्रपाळीत कुणी नेहमीच्या सरावाने दिले असते, तर श्वास बंद पडू शकला असता. म्हणून सूचना अशी: मॅग्नेशियम वरिष्ठांशी बोलल्याशिवाय नाही, द्यावेच लागले तर अतिदक्षता विभागात, रक्तातली पातळी आणि एफव्हीसी मोजत, कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवून.

प्रसूतीची आखणी ३४व्या आठवड्यात भूलतज्ज्ञांसह बसून झाली. सिझेरियन सुरक्षित, ही समजूत इथे उपयोगाची नव्हती. सिझेरियनसाठी पाठीतून दिलेली भूल छातीच्या निम्म्या उंचीपर्यंत चढवावी लागते. त्यात बरगड्यांमधले स्नायू लुळे पडतात, आणि श्वासपटल दुबळे असलेली बाई त्याच स्नायूंच्या भरवशावर श्वास घेत असते. पूर्ण भूल द्यायची तर स्नायू सैल करणारी औषधे आणि नंतर व्हेंटिलेटरवरून सुटण्याचा प्रश्न. उलट कळांच्या वेदनेत श्वास धावत सुटतो आणि थकवा येतो, म्हणून वेदनाशमनही हवेच. मधला मार्ग निघाला: नैसर्गिक प्रसूती, लवकर बसवलेला कमी मात्रेचा एपिड्युरल (पाठीत बसवलेल्या नळीतून वेदनाशमन), भूल बेंबीच्या वर चढू न देता, कळांच्या दुसऱ्या टप्प्यात आईला दीर्घकाळ जोर लावायला न लावता व्हॅक्युमची मदत, अफूजन्य वेदनाशामके शक्यतो नाहीत, बायपॅप खोलीत तयार. अनेक आठवडे स्टेरॉइड चालू असल्याने तिच्या ॲड्रिनल ग्रंथी सुस्तावलेल्या होत्या, म्हणून कळांच्या काळात हायड्रोकॉर्टिसोनचे डोस.

३८व्या आठवड्यात कळा सुरू करण्यात आल्या. तेव्हा एफव्हीसी २.०५ लिटर, ६६ टक्के. ठरल्याप्रमाणे सारे पार पडले; बायपॅपला हात लावावा लागला नाही. मुलगी, वजन २.६ किलो, ईसीजी सामान्य, अंगावर चट्टे नाहीत. प्रेडनिसोलोन, ॲझाथायोप्रिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन चालू ठेवून अंगावर पाजता येते, आणि तिने पाजले. याबाबत विनाकारण घातली जाणारी बंदी मला खटकते. आईने या भीतीपोटी परस्पर गोळ्या सोडणे हाच बाळंतपणानंतर ल्युपस उसळण्याचा एक मोठा रस्ता आहे.

सहा आठवड्यांनी एफव्हीसी २.२ लिटर होता. गर्भाशय पूर्ववत झाले तरी जुन्या २.७वर तो आला नाही. थिओफायलिन बंद केले, श्वास ओढण्याच्या स्नायूंचा व्यायाम सुरू केला. वर्षाअखेरीस २.४ लिटर, ७७ टक्के. प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम, सी-३ ११०. एका श्वासात ती ४१पर्यंत मोजत होती. या आजारात बहुतेकांचे असेच होते, सुधारणा चांगली होते पण काही हिस्सा परत येत नाही.

त्याच भेटीत तिने दुसऱ्या मुलाबद्दल विचारले. एफव्हीसी १ लिटरच्या खाली असेल तर गर्भधारणा टाळा, असा सल्ला दिला जातो. तिचा आजचा आकडा त्यापासून दूर आहे, पण मागच्या खेपेला ती १.४वर पोचली होती हे विसरून चालणार नाही. तिला नकार दिला नाही. ल्युपस किमान सहा महिने पूर्ण शांत, स्टेरॉइड ५ मिलिग्रॅमच्या वर नाही, ॲझाथायोप्रिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन गरोदरपणभर चालू, त्याआधी नवा इको. तोवर कॉपर टी. आणि दिवस राहिले की पहिल्या भेटीपासून दर सहा आठवड्यांनी स्पायरोमेट्री, टक्क्यांसोबत लिटरमध्ये नोंदवलेली, एफव्हीसी २.४वरून २.१च्या खाली आला तर धाप असो वा नसो, थेट छातीरोगतज्ज्ञाकडे.